सांडपाण्याचा सदुपयोग : स्वच्छ पाणी, इंधन आणि खत

प्राथमिक शाळेत ‘पाणी’ हा पाठ बहुधा विहिरीपासून सुरू होतो आणि घागरीपाशी संपतो. पाऊस पडतो, पाणी जमिनीत मुरते, ओढ्याला व विहिरीला मिळते आणि तेथून नळाने किंवा डोक्यावरून घरी येते, एवढे मुलांना चांगले समजते. परंतु घरी आलेले पाणी वापरानंतर कोठे जाते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः गावाचे आरोग्य याच उत्तरार्धावर अवलंबून असते. वापरलेले पाणी गटारात साचले तर डास होतात. विहिरीकडे झिरपले तर हगवण, कावीळ व विषमज्वर यांसारखे रोग पसरतात. आणि ते कोणी तरी हाताने उपसावे असे गावाने ठरविले तर त्या माणसाच्या वाट्याला अपमानाचे जिणे येते. याउलट, तेच पाणी योग्य मार्गाने नेले तर त्यातून तीन उपयुक्त वस्तू मिळतात : झाडांसाठी पाणी, चुलीसाठी गॅस आणि शेतासाठी खत. हे कसे घडते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि शाळेला त्यात काय करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

गागोद्याचा वारसा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मग्राम होय. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म या गावी झाला. त्या वेळचा कुलाबा जिल्हा १९८१ सालापासून रायगड या नावाने ओळखला जातो. विनोबा म्हटले की भूदान आठवते. परंतु भूदानाच्या आधी, १९४६ च्या सुमारास, पवनार येथील आश्रमात राहत असता ते जवळच्या सुरगाव या खेड्यात खांद्यावर फावडे घेऊन जात आणि तेथील मैला साफ करीत. हा त्यांचा बरेच दिवस चाललेला नित्यक्रम होता. मैला उचलून खड्ड्यात टाकावा आणि त्यावर माती पसरावी, एवढेच ते काम. पण उघड्यावर पडलेला मैला रोग पसरवितो आणि मातीआड केलेला मैला खत होतो, हे शास्त्र त्या कामाच्या मुळाशी होते. मराठी भाषेनेही हे फार पूर्वी ओळखले आहे. मनुष्याच्या विष्ठेपासून होणाऱ्या खताला शेतकरी ‘सोनखत’ म्हणतो. ज्या वस्तूकडे पाहून नाक मुरडावे, तिलाच कुजल्यानंतर सोन्याचे नाव दिले गेले, यात अनुभवाचा मोठा साठा आहे.

पाणी घाण होते म्हणजे काय होते?

घरातून बाहेर जाणारे पाणी दोन प्रकारचे असते. न्हाणीतील, मोरीतील व भांडी-कपडे धुण्याचे पाणी म्हणजे साधे सांडपाणी. शौचालयातून येणारे ते मैलापाणी. या दोहोंतील भेद मुलांच्या मनावर प्रथम ठसवावा, कारण पुढील सारी व्यवस्था त्यावर आधारलेली आहे. सांडपाण्याचे प्रमाण पुष्कळ असते, पण त्यात घाण थोडी असते. मैलापाणी थोडे असते, पण त्यात रोगजंतू व कृमींची अंडी विपुल असतात. दोन्ही एकत्र केली तर पुष्कळ पाणी फार घाण होते, आणि शुद्धीकरणाचे काम अकारण वाढते.

किती पाण्याचा हा प्रश्न आहे, याचा हिशेब सोपा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात प्रत्येक माणसी दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घराला त्या मानाने २७५ लिटर पाणी लागते. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे जवळजवळ १८० लिटर, सांडपाणी होऊन दारातून बाहेर पडते. नळ आल्याने पाण्याची सोय झाली, तशी सांडपाण्याची जबाबदारीही वाढली. शंभर घरांच्या गावात ते रोज १८,००० लिटर होते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात त्या दिवसांतही एवढे पाणी गावातून वाहून जात असते.

आता ‘घाण’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ पाहू जाता असे दिसते की, अन्नाचे कण, तेल, साबण, विष्ठा व मूत्र यांतील बहुतेक भाग सूक्ष्म जीवांचे खाद्य आहे. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत; पण दुधाचे दही करणारे आणि इडलीचे पीठ फुगविणारे जीव त्यांचेच भाऊबंद होत. सूक्ष्म जीवांनी हे खाद्य संपविले की पाण्यातील घाण नाहीशी होते. पाणी शुद्ध करण्याची मोठी यंत्रणा म्हणजे या जीवांना जागा, वेळ व योग्य परिस्थिती देण्याची सोय होय.

हे जीव दोन गटांत मोडतात. पहिल्या गटाला प्राणवायू लागतो. वाहत्या ओढ्यात, उथळ तळ्यात, झाडांच्या मुळांभोवतीच्या भुसभुशीत मातीत ते काम करतात. त्यांचे काम जलद होते आणि त्याला दुर्गंधी येत नाही. दुसऱ्या गटाला प्राणवायू सोसत नाही. चिखलाच्या तळाशी, गाईच्या पोटात आणि झाकलेल्या टाकीत ते वाढतात. त्यांचे काम सावकाश चालते, पण त्यातून जळणारा वायू निर्माण होतो. प्रथम काही जीव अन्नाचे मोठे कण फोडून विरघळवितात. दुसरे त्यापासून आम्ले तयार करतात. शेवटी तिसरे त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवितात. तयार झालेल्या गॅसमध्ये सुमारे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड असतो. जळतो तो मिथेन. साचलेल्या डबक्यातून जे बुडबुडे वर येतात, त्यांतही हाच वायू असतो.

म्हणून व्यवस्थेचे सूत्र असे : जेथे घाण दाट आहे तेथे तिला हवेपासून दूर, बंद टाकीत कुजू द्यावे व गॅस घ्यावा, जेथे घाण विरळ आहे तेथे तिला हवा व झाडांची मुळे मिळू द्यावीत व पाणी घ्यावे.

माटुंग्याचा प्रयोग

मैल्यापासून गॅस घेण्याची कल्पना भारतात नवी नाही, आणि तिचे एक आद्य स्थान महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडण्यात आले. हे अ‍ॅक्वर्थ मराठीच्या शिक्षकांना दुसऱ्या नात्यानेही परिचित असावेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या समवेत ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे ते हेच. आश्रयस्थानात शेकडो रोगी राहत असल्याने मैलापाण्याची विल्हेवाट कशी लावावी, हा बिकट प्रश्न होता. १८९७ च्या सुमारास तेथे मैलापाणी बंद टाक्यांत कुजविण्याची व त्यातून निघणारा गॅस साठविण्याची योजना झाली. तो गॅस दिवाबत्तीसाठी आणि पुढे इंजिन चालविण्यासाठी वापरण्यात आला. इंग्लंडमधील एक्झेटर शहरात मैल्याच्या गॅसवर रस्त्यावरील दिवे लावण्याचा प्रयोग १८९५ च्या सुमारास झाला होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत मुंबईत हा प्रयोग उभा राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, त्यांच्या वस्तीत या देशातील मैल्याच्या गॅसचा आरंभीचा प्रकाश पडला.

त्यानंतर गोबरगॅसच्या रूपाने हे शास्त्र खेड्याकडे वळले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे संयंत्र सिद्ध केले. विटांच्या विहिरीत शेणकाला, आणि वर लोखंडाचे पालथे पिंप. गॅस साचला की पिंप वर येते, वापरला की खाली जाते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात त्याचा देशभर प्रसार केला.

कोकणातील कार्य : अप्पासाहेब पटवर्धन

गोबरगॅसला शौचालयाची जोड देण्याचे महत्त्व ज्यांनी कोकणात प्रथम ओळखले, ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन होत. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ते ओळखले जात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, भंगीकाम करण्याची परवानगी आपणास द्यावी अशी मागणी त्यांनी केली. उच्चवर्णीय कैद्याला हे काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. एखाद्याने घाण काढण्याचा हक्क मागावा आणि तो जातीच्या कारणाने नाकारला जावा, या एका घटनेत प्रश्नाचे मूळ दिसून येते. मैला ही वस्तू नीट हाताळण्याचे शास्त्र समाजाजवळ होते. पण ते काम एकाच जातीच्या माथी मारल्यामुळे इतरांना त्या शास्त्राची गरजच भासली नाही.

१९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. आज हे ठिकाण सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. मैल्याला हात न लावता त्याचे खत व्हावे, अशी साधी व स्वस्त शौचालये त्यांनी तेथे सिद्ध केली, आणि पुढे शौचालय गोबरगॅसला जोडण्याचा पाठपुरावा केला. त्यांचा युक्तिवाद असा की, मैल्याची किंमत लोकांना कळली तर ते तो वाया घालविणार नाहीत, आणि तो यंत्रणेतून आपोआप मार्गी लागला तर कोणाला तो डोक्यावर वाहावा लागणार नाही. अप्पासाहेबांचे १९७१ साली निधन झाले.

त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या कार्यकर्त्यांत डॉ. मापुसकर यांचे नाव अग्रभागी आहे. साठीच्या दशकात ते तुकोबांच्या देहू गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. रोग्यांना औषध देऊन भागत नाही, उघड्यावरील शौचामुळे तेच रोग पुन्हा उद्भवतात, हे पाहून त्यांनी घरोघरी शौचालये व्हावीत यासाठी आयुष्य वेचले. शौचालयाच्या मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ नावाचे गॅससंयंत्र त्यांनी विकसित केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

गॅसचा हिशेब

उत्साहाच्या भरात अवास्तव अपेक्षा बाळगल्या की योजना फसतात. म्हणून आकडे नीट पाहावेत. सर्व आकडे स्थूलमानाचे आहेत.

एका माणसाच्या रोजच्या विष्ठेपासून सुमारे ३० लिटर गॅस मिळतो. पाच माणसांच्या घरात तो १५० लिटर होतो. गॅसच्या साध्या शेगडीला तासाला ४०० ते ४५० लिटर गॅस लागतो. म्हणजे केवळ शौचालयाच्या गॅसवर त्या घरची शेगडी सुमारे २० मिनिटे चालेल. चहा होईल, भात होणे कठीण.

जनावराचे गणित निराळे आहे. एक गाय किंवा बैल दिवसाला सुमारे १० किलो शेण देतो आणि एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. चार जनावरांचे ४० किलो शेण १,६०० लिटर गॅस देते. त्यात शौचालयाचे १५० लिटर मिळविले की पाच माणसांचा स्वयंपाक बहुतांशी भागतो. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर, गॅस सुमारे ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. १४.२ किलोच्या सिलिंडरइतके इंधन मिळण्यास सुमारे ३२ घनमीटर गॅस लागेल. पाचवी ते सातवीच्या मुलांना गुणाकार व गुणोत्तर शिकविण्यासाठी याहून जिवंत उदाहरणे शोधावी लागणार नाहीत.

शाळेच्या बाबतीत निष्कर्ष स्पष्ट आहे. दिवसाच्या शाळेत मुले पाच-सहा तास असतात आणि शौचालयाचा उपयोग मुख्यतः लघवीसाठी होतो. म्हणून तेथे शौचालयाच्या गॅसचा हिशेब धरू नये. निवासी आश्रमशाळेत मात्र परिस्थिती वेगळी असते. २०० मुले राहत असल्यास रोज सुमारे ६ घनमीटर गॅस मिळू शकतो, म्हणजे अडीच किलोहून अधिक सिलिंडरच्या गॅसइतके इंधन. स्वयंपाकघरातील उष्टे व भाजीपाल्याचे टाकाऊ भाग यांपासूनही गॅस होतो. वजनाच्या मानाने तो शेणापेक्षा अधिक मिळतो, कारण शेण हे गाईने एकदा पचविलेले अन्न असते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली अशा उष्ट्यावर चालणारे लहान संयंत्र तयार केले आणि त्यासाठी २००६ साली संस्थेला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

गॅस काढून घेतल्यावर जो काला बाहेर पडतो, त्यातील नत्र, स्फुरद व पालाश बहुतांशी टिकून राहतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत चालत आली आहे. त्यात कवळ, पालापाचोळा आणि शेण जाळले जाते व शेणातील नत्र धुराबरोबर निघून जाते. तेच शेण संयंत्रातून गेले तर इंधनही मिळते आणि नत्रही जमिनीला मिळते. मात्र मैला मिसळलेल्या काल्यात जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. म्हणून तो ताजा असताना हाताने पसरू नये व भाजीपाल्याला घालू नये. पाल्यापाचोळ्यात मिसळून पुरते कुजू द्यावे. दोन खड्ड्यांच्या शौचालयातही भरलेला खड्डा निदान एक वर्ष, शक्य तर दीड वर्ष, बंद ठेवतात त्याचे कारण हेच.

संयंत्राचे जीव नाजूक असतात. कोकणची उबदार हवा त्यांना मानवते. थंड प्रदेशापेक्षा येथे गॅस अधिक मिळतो. परंतु शौचालयात फिनेल किंवा आम्ल सढळ हाताने ओतले तर रोगजंतूंबरोबर हे उपकारक जीवही मरतात आणि गॅस बंद पडतो. ब्रश, पाणी व थोडा साबण एवढ्याने सफाई करावी.

सांडपाण्यातून पाणी

साध्या सांडपाण्याच्या बाबतीत कोकणच्या घरांनी जुना धडा घालून दिला आहे. न्हाणीच्या मागे अळू, कर्दळ आणि केळी लावलेली असत. ही झाडे शोभेसाठी नव्हती. ती सांडपाणी पीत, त्यातील क्षार खात आणि अंगण कोरडे ठेवीत. आज अभियंते खडी व वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा बोरू लावून सांडपाणी शुद्ध करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. झाडांची मुळे मातीत हवा खेळती ठेवतात. मुळांभोवती प्राणवायूवर जगणारे जीव वाढतात. ते साबण व अन्नकण खाऊन टाकतात.

व्यवस्थेच्या पायऱ्या चार आहेत. प्रथम जाळी, म्हणजे भात, भाजी व केस अडतील. दुसरी लहान कुंडी, जीत पाणी क्षणभर थांबेल. तेल वर तरंगेल व गाळ तळाशी बसेल. तिसरा खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ. चौथी परसबाग किंवा शोषखड्डा. कुंडीतील तेल व गाळ आठवड्यातून एकदा काढला नाही तर पुढील सर्व पायऱ्या तुंबतात. व्यवस्था बिघडते ती बहुधा याच ठिकाणी.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावयास हवी. असे पाणी स्वच्छ होते, पण पिण्यायोग्य होत नाही. ते केळी, नारळ, शेवगा, पपई यांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना व कंदांना देऊ नये, आणि पानांवर शिंपडू नये, मुळाशी सोडावे. मैलापाणी तर परसबागेत कदापि आणू नये.

शहरांत हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. नागपूर महानगरपालिकेच्या भांडेवाडी येथील केंद्रात शहराचे मैलापाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याची योजना २०१५ च्या सुमारास कार्यान्वित झाली. तिची क्षमता दररोज १३ कोटी लिटर होती. वीजकेंद्राला थंडाव्यासाठी लागणारे पाणी पिण्यायोग्य असण्याची गरज नसते. तेवढे धरणाचे पाणी नागरिकांसाठी वाचते. मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत खाली बसलेला गाळ बंद टाक्यांत कुजवून, त्याच्या गॅसवर इंजिने चालवून केंद्राची विजेची गरजही काही अंशी भागविता येते. प्रत्येक कामाला त्या कामापुरते स्वच्छ पाणी, हे तत्त्व नागपूरला लागू आहे तसेच गागोद्यालाही आहे.

पावसाळ्याची परीक्षा

देशावरील गावाचा नमुना जसाच्या तसा कोकणात उतरवून चालत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात भूजल वर येते, शोषखड्डे भरून जातात आणि खड्ड्यातील पाणी विहिरीच्या पाण्याला मिळण्याचा धोका उत्पन्न होतो. यास्तव शौचालयाचा किंवा शोषखड्ड्याचा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावा. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील भूजलाच्या पातळीपेक्षा उंच असावा. जमीन सखल असल्यास खड्डा उथळ खणून भोवती चौथरा उंच करावा. पागोळ्यांचे पाणी खड्ड्यात शिरू देऊ नये. त्यासाठी वेगळा चर काढावा. विहिरीत शुद्धीकरणाची पूड टाकण्याचा परिपाठ पावसाळ्यात अधिक काटेकोरपणे पाळावा.

जिवाला अपाय

बंद टाकीतील वायू जसा उपकारक तसा घातकही आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यात असतो. तो अधिक प्रमाणात असल्यास नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो. शौचालयाच्या टाकीत वा संयंत्रात, ते रिकामे दिसत असले तरी, कोणासही उतरू देऊ नये. टाकी उपसण्यासाठी यंत्राची गाडी बोलवावी. हाताने मैला उपसण्याच्या कामाला १९९३ च्या कायद्याने बंदी घातली व २०१३ च्या कायद्याने ती अधिक व्यापक केली. शाळेने हे काम कोणाच्या जातीकडे पाहून सांगणे हा गुन्हा आहे, आणि मुलांपुढे घातलेला अत्यंत वाईट धडाही आहे.

वर्गात व शाळेच्या आवारात

पुढील चार उपक्रमांना खर्च नगण्य आहे.

पहिला, मोजणी. मुलांनी एक आठवडाभर हात धुण्याचे व भांडी घासण्याचे पाणी बादलीत धरून मोजावे व तक्ता करावा. शाळेतून रोज किती लिटर पाणी जाते ते त्यांना स्वतः कळेल. त्यावरून किती केळी जगतील याचा अंदाज त्यांनीच बांधावा.

दुसरा, गाळणे. तळाला छिद्रे पाडलेल्या डब्यात खडी, जाड वाळू व बारीक वाळू यांचे थर द्यावेत. गढूळ पाणी ओतल्यास खाली बरेच निवळ पाणी येते. नंतर पाण्यात शाईचे काही थेंब टाकून तेच करावे. वाळूने गढूळपणा अडविला, पण शाईचा रंग खाली उतरतो. निवळ पाणी आणि शुद्ध पाणी एक नव्हे, हे व्याख्यानापेक्षा या प्रयोगाने चांगले पटते.

तिसरा, कुजणे. प्लॅस्टिकच्या बाटलीत शेण व पाणी समभाग घेऊन ती तीन चतुर्थांश भरावी, तोंडाला फुगा घट्ट बांधावा आणि बाटली उबदार जागी ठेवावी. काही दिवसांत फुगा फुगू लागतो. आरंभीच्या वायूत मिथेन कमी असतो. तो पेटविण्याचा प्रयत्न करू नये. बाटली काचेची घेऊ नये. प्रयोगानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

चौथा, वाफा. शालेय पोषण आहाराची भांडी जेथे घासतात तेथे जाळी, कुंडी व कर्दळीचा वाफा करून पाणी परसबागेस द्यावे. कुंडी साफ करण्याची पाळी वर्गवार लावावी. या पाळीत सर्व मुले व सर्व मुली असाव्यात, आणि त्यात शिक्षकांचेही नाव असावे. कोणाही मुलाला शिक्षा म्हणून हे काम देऊ नये. शिक्षा म्हणून दिलेले काम मुलांच्या मनात हलके ठरते. शौचालयाच्या टाकीचे वा मैल्याचे काम मात्र मुलांकडून कोणत्याही कारणाने करवून घेऊ नये.

ज्या गावी विनोबांचा जन्म झाला त्या गागोद्यात काय, किंवा जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, पाण्याची वाट विहिरीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून केळीपर्यंत मुलांना बोटाने दाखविता आली, तर पाण्याचा पाठ पुरा झाला असे म्हणता येईल. ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय निघेल तेव्हा शाळेचा तक्ता व शाळेचा वाफा पुढे ठेवावा. शाळेच्या आवारात रोज चाललेली गोष्ट गावाला पटवून द्यावी लागत नाही. ती पाहून गाव तिची चौकशी करू लागते.